नऊ दिवसांचा बिघाड

त्या नंबरवर गेल्या चार वर्षांत कुरियरवाल्यांखेरीज कुणाचाच फोन आला नव्हता. म्हणून चैतालीने लावला तेव्हा पलीकडच्या माणसाला वाटलं, कुरियरवाला असणार.

"गेटवर ठेवा, मी येऊन घेतो," तो म्हणाला.

"काय ठेवू?"

"पार्सल."

"पार्सल नाहीये. तक्रार आहे."

पलीकडून नुसत्या श्वासातून हसल्यासारखा आवाज आला. "मग गेटवर नका ठेवू, मॅडम. भिजेल. माझ्याकडेच द्या."

चैताली भांडायच्या तयारीने बसली होती. ते ऐकून तिला पुढचं भांडण आठवेना.

नोव्हेंबरचा दुसरा सोमवार होता तो. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले तरी नाशिकवरचं आभाळ मोकळं होत नव्हतं. थंडी पडायच्या दिवसांत अवकाळीची भुरभुर लागली होती. दिंडोरीकडून येणारे लोक द्राक्षाच्या घडांवर रोग पडल्याचं सांगायचे, आणि शहरात वाळत घातलेले कपडे चार-चार दिवस ओलसर राहायचे.

चैताली पगारे इंदिरानगरातल्या एका छोट्या संस्थेत कामाला होती. संस्था दृष्टी नसलेल्या मुलींना संगणक शिकवायची. बारा जुने संगणक देणगीत मिळाले होते. पडद्यावरचा मजकूर मराठीत वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यांच्यावर घालायचं आणि तीन डिसेंबरला, दिव्यांग दिनी, वर्ग सुरू करायचा, हे काम तिच्या अंगावर होतं. सॉफ्टवेअर फुकट मिळायचं, पण ते शेकडो लहान लहान फाइलींतून, दूरच्या सर्व्हरवरून उतरवून घ्यावं लागायचं. त्या फाइलींची प्रत ठेवणारा त्यातल्या त्यात जवळचा सर्व्हर दिंडोरी रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात होता. तिथून एक फाइल यायची आणि मग सगळं थिजायचं. चैताली चहा करून आणायची तरी पुढची फाइल हललेली नसायची. शनिवारी वैतागून तिने कॉलेजच्या प्राचार्यांना एक झणझणीत ई-मेल लिहिला होता. उत्तर आलं नाही, म्हणून सर्व्हरच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत दिलेला नंबर आज लावला होता.

फोनवर काही कळायचं नाही, असं तो माणूस म्हणाला. उद्या पाचला सुटतो, येऊन बघू का, असंही त्याने विचारलं.

मंगळवारी तो आला. रेनकोट जिन्यातच झटकून, चपला दाराबाहेर ओळीत लावून, मग आत. नाव दिनेश भोये. पेठ तालुक्यातल्या डोंगरातल्या एका पाड्याचा, कॉलेजात कंत्राटावर लॅब असिस्टंट. तो सर्व्हर त्यानेच उभा केला होता आणि एकटाच सांभाळत होता. चष्म्यावर पावसाचे थेंब होते, आणि पुसायला कोरडं असं त्याच्या अंगावर काहीच नव्हतं. चैतालीने न बोलता ओढणीचं टोक पुढे केलं. त्याने चष्मा पुसला, टोक नीट घडी घालून तिच्या हातात परत दिलं. घडी कशाला घातली, हे तिच्या मनात कितीतरी वेळ घोळत राहिलं.

त्याने तासभर तपासणी केली. इतर वेबसाइट झरझर उघडत होत्या, म्हणजे लाइन चांगली होती. अडत होतं ते फक्त त्याच्या सर्व्हरवरून येणारं.

"दोष माझ्याकडचाच," तो म्हणाला.

"एवढं लगेच कबूल?"

"डिस्क जुनी झालीये. मधूनमधून करकरते. मला माहीत होतं."

"मग बदलली का नाही?"

"कुणी तक्रारच केली नाही कधी." त्याने तिच्याकडे पाहिलं. "मला वाटायचं, हे कुणी वापरतच नाही."

चहा पिताना त्याने सांगितलं, की शाळेत असताना त्याला मोबाइलची रेंज धरायला गावामागचं पठार चढून जावं लागायचं. अर्ध्यावर आलेली फाइल तुटायची आणि सगळं पहिल्यापासून. तेव्हाच त्याच्या मनाने घेतलं होतं, की एवढ्या लांबून आलेली वस्तू एकदा आली की जवळ ठेवून द्यावी, दुसऱ्या माणसाला परत तेवढी वाट नको.

त्या संध्याकाळी चैताली घरी गेली तेव्हा आई गॅलरीत बसली होती, दिवा न लावता. जिल्हा परिषदेत क्लार्क असलेले बाबा श्रावणात गेले होते. तेव्हापासून त्या दोघी एकमेकींना जपायच्या, म्हणजे बोलायच्या नाहीत. भाजी कोणती करू, गॅस संपलाय, विहारात जाऊन येते, एवढंच. चैतालीला आईला सांगावंसं वाटलं, की आज एक माणूस आला होता आणि त्याने ओढणीची घडी घातली. तिने भाजी कोणती करू विचारलं.

दिनेशने डिस्क बदलली. फरक पडला नाही. गुरुवारी तो परत आला, शुक्रवारी आला, शनिवारी आला. पाच वाजून गेले की जिन्यात रेनकोट झटकल्याचा आवाज यायचा, आणि चैतालीचा हात आपोआप केसांकडे जायचा. दोघं एकाच टेबलाशी, एकाच पडद्याकडे बघत बसायची. पडद्यावरचा आकडा मुंगीच्या पावलाने सरकायचा. तो पुढे सरकेपर्यंत बोलायला वेळच वेळ असायचा.

"मॅडम, ही पण अडकली."

"मॅडम म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"नाव आहे मला."

"माहितीये." तो पडद्याकडेच बघत राहिला. "घरी दोनदा म्हणून पाहिलंय."

चैतालीने खुर्ची मागे घेतली नाही, इतकंच.

सतरा तारखेच्या दुपारी ती ऑफिसात एकटी होती. सहज म्हणून ती इंटरनेटच्या डब्याची सेटिंग बघायला बसली. डबा दिवाळीत नवीन बसवला होता. हल्ली बऱ्याच सर्व्हरना दोन पत्ते असतात, एक जुन्या पद्धतीचा, एक नव्या. नव्या पत्त्याची वाट आपल्याकडे आहे, असं हा डबा सगळ्या संगणकांना सांगत होता, आणि ती वाट पुढे कुठेच जात नव्हती. संगणक दर फाइलीला आधी त्या बंद वाटेने जायचा, थांबायचा, कंटाळून मागे फिरायचा आणि मग जुन्या वाटेने फाइल आणायचा. वेबसाइट उघडताना ब्राउझर हुशारीने लगेच वाट बदलायचा, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिने डब्यातली नव्या पत्त्याची सोय बंद केली आणि पहिल्या संगणकावर डाउनलोड सुरू केलं. फाइली धो-धो आल्या. सव्वाशे फाइली, तिने श्वास घेऊन सोडला तोवर.

दोष दिनेशच्या सर्व्हरचा कधीच नव्हता.

चैताली पडद्याकडे बघत बसली. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. आता त्याला फोन करायचा, सांगायचं, की सापडलं. तो म्हणेल, बरं झालं. मग पाच वाजतील आणि जिन्यात कुणाचा रेनकोट वाजणार नाही. घरी जायचं, भाजी कोणती करू विचारायचं... तिचा हात परत सेटिंगवर गेला. तिने सोय पुन्हा चालू केली. उतरलेल्या फाइली पुसून टाकल्या.

उद्या सांगू, असं तिने स्वतःला सांगितलं. एकच दिवस.

दुसऱ्या दिवशी दिनेश नागलीचे पापड घेऊन आला. त्याच्या आईने, झुंबरबाईंनी दिले होते. शहरातल्या पोरीला आवडतील का नाय, असं त्या म्हणाल्या होत्या. चैतालीने ऑफिसच्या शेगडीवर एक भाजला, अर्धा मोडून त्याला दिला. सांगायचं राहून गेलं. त्यानंतर रोजच राहत गेलं, आणि जितकं राहिलं तितकं सांगणं कठीण होत गेलं. आता नुसतं 'सापडलं' म्हणून चालणार नव्हतं. कधी सापडलं, ते सांगावं लागणार होतं.

त्याच आठवड्यात कधीतरी दोघं 'तुम्ही'वरून 'तू'वर आली. कुणी आधी म्हटलं, हे नंतर दोघांनाही सांगता आलं नसतं.

राखी रोज घोटीहून एसटीने यायची. वीस वर्षांची, जन्मापासून दिसत नसलेली. जानेवारीत तिची एक परीक्षा होती आणि तिथे संगणक तिला एकटीने चालवायचा होता. ती येऊन हाताने टेबल चाचपायची, कीबोर्डवरून बोटं फिरवायची आणि विचारायची, "ताई, बोलायला लागला का?"

"नाही गं अजून."

"बरं." मग ती तिथेच मुक्या कीबोर्डवर सराव करत बसायची. एकदा बोटं न थांबवता ती म्हणाली, "दिनेश सर आले की तुमचा आवाज बदलतो."

चैतालीची कानशिलं गरम झाली. ते लाजेने की अपराधीपणाने, तिला सांगता आलं नसतं.

दिनेश मात्र वाळत चालला होता. त्याने सर्व्हर दोनदा उलगडून पुन्हा जोडला. भात झोडायला गावी जायचं होतं, ते सलग दोन रविवार टाळून तो सर्व्हरच्या खोलीत बसला. डोळे लाल दिसायचे. "माझं काहीतरी चुकतंय," तो म्हणायचा. "एवढं वाचलंय मी, तरी सापडेना." चैताली त्याच्या कपाकडे बघायची. त्या क्षणी तिच्या जिभेवर यायचं. मग तो म्हणायचा, "एका परीने बरंच आहे म्हणा..." आणि अर्धवट सोडायचा. त्या अर्धवट वाक्यापुढे तिच्याने बोलवायचं नाही.

सव्वीस तारखेला बुधवार होता. आई संविधान दिनाच्या कार्यक्रमाला गेली होती. पाच वाजले, साडेपाच झाले, जिना शांतच राहिला. सहाला त्याचा फोन आला. आवाज नेहमीचाच होता, जरासा थकलेला. प्राचार्यांनी बोलावलं होतं. कुणीतरी नोव्हेंबरच्या सुरुवातीला केलेली एक लेखी तक्रार त्यांच्यासमोर होती. पंधरा दिवसांत दुरुस्ती झाली नाही, असा शेरा तिच्यावर पडला होता. सर्व्हर शनिवारी बंद करायचं ठरलं होतं. त्याचं कंत्राट त्या सर्व्हरसाठीच होतं, तेही तिथेच संपत होतं.

"ती तक्रार..." चैताली म्हणाली.

"तुझी. नाव वाचलं मी. मनाला लावून घेऊ नको. तक्रार खरीच होती ना."

फोन ठेवल्यावर चैताली अंधार होईपर्यंत तशीच बसून राहिली.

गुरुवारी ती पहिल्यांदाच त्याच्या कॉलेजात गेली. आधी प्राचार्यांना भेटली, तक्रार चुकीची होती, दोष आमच्या डब्याचा होता, असं लेखी दिलं. त्यांनी कागद सभ्यपणे वाचला, बाजूला ठेवला आणि सांगितलं, की व्यवस्थापनाला तो खर्च कधीपासूनच नको होता. तुमच्या तक्रारीने फक्त निमित्त मिळालं.

सर्व्हरची खोली तळमजल्यावर होती, खिडकी नसलेली, एसीने गारठलेली. दिनेश खुर्चीत बसून केबलींवर कागदी पट्ट्या चिकटवत होता. दुसऱ्या कुणाला कळावं म्हणून. दुसरं कुणी येणार नव्हतं. तिला बघून तो उठला, खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली नाही. उभ्यानेच सांगितलं. डबा, नवा पत्ता, बंद वाट. तो ऐकता ऐकता मान हलवत होता. त्याचा चेहरा उजळत गेला.

"म्हणजे सर्व्हर चांगला होता," तो म्हणाला. "कधी सापडलं तुला? आज?"

"सतरा तारखेला."

यंत्रांच्या पंख्यांचा आवाज चालू होता. दिनेशने हातातली पट्टी नीट चिकटवली, अंगठ्याने दाबली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू आला नसतास."

तो बोलला तेव्हा आवाज इतका हळू होता, की पंख्यांच्या आवाजात तिला पुढे वाकावं लागलं.

"मी आलो असतो गं. कारण काढून आलो असतो... बिघाड कशाला लागत होता?" मग त्याने चष्मा काढला, हातात धरला. "माझं सोड. त्या पोरींचे नऊ दिवस गेले. ती राखी रोज विचारते तुला. तिला काय सांगायचीस तू?"

चैताली रडली असती तर सोपं झालं असतं, पण रडून त्याच्याकडून माफी काढून घेतल्यासारखं झालं असतं. म्हणून ती रडली नाही. येते, म्हणाली आणि निघाली. दिंडोरी रोडवर रिक्षा मिळेना. भिजत चालताना तिने पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं, की आपण त्याच्यावर प्रेम करतो, आणि ज्या दिवशी ते करायला लागलो त्याच दिवसापासून त्याला फसवतोय.

शुक्रवारी राखी आली. चैतालीने तिलाही सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. राखीने ऐकून घेतलं. "आता परीक्षेला किती दिवस उरले?" एवढंच तिने विचारलं, आणि चैतालीने मोजून सांगितलं. रोज वर्ग सुटल्यावर दोन तास जास्तीचे मी बसते तुझ्याबरोबर, असंही म्हणाली. राखी हो किंवा नाही काहीच बोलली नाही.

शनिवारी सकाळी अकरा वाजता दिनेशचा फोन आला. बाराला बंद करायचाय, त्याआधी तुमच्या बाराही संगणकांचं उतरवून घे, म्हणाला. तिने डब्यातली ती सोय बंद केली आणि बारा संगणक एकदम सुरू केले. तो फोनवरच होता. त्याच्याकडे त्याला दिसत होतं, काय काय निघालं, काय पोचलं. मधूनच तो म्हणायचा, "सातवा झाला." ती म्हणायची, "हो."

बारावा संपला तेव्हा पावणेबारा झाले होते.

"झालं?"

"झालं," ती म्हणाली. "दिनेश, ऐक. मला तू आवडतोस. हे आधी सांगायला हवं होतं, बाकी काही करण्यापेक्षा."

"ते माहीत होतं मला," तो म्हणाला. "म्हणून तर जास्त लागलं. बंद करतो आता."

फोनमधून तिला पंखे ऐकू येत होते. मग एकेक करून थांबत गेले, आणि शेवटी नुसता त्याचा श्वास राहिला. फोन कुणी आधी ठेवला, तिला आठवत नाही.

तीन डिसेंबरला वर्ग सुरू झाला. पाहुणे आले, नारळ फुटला, बारा मुलींनी कानांना हेडफोन लावले आणि संगणक मराठीत बोलायला लागले. दिनेश आला नाही. पुढच्या सोमवारी सकाळी त्याचा दोन ओळींचा निरोप आला. वलसाडला एका कारखान्यात काम मिळालं होतं, आठची गाडी पेठ नाक्यावरून.

ती पोचली तेव्हा तो थांब्यावर उभा होता, पायाशी एक बॅग, कोरड्या चष्म्याने. आभाळ तसंच राखाडी होतं, पण पाऊस नव्हता. तिला बघून तो हसला नाही, आणि तोंडही फिरवलं नाही. गाडीला दहा मिनिटं होती.

"तो डबा नीट आहे ना आता?" त्याने विचारलं.

"आहे."

"मी मनाला सांगून पाहिलं, की ते नऊ दिवस खोटे होते," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "आधीचे तेवढे खरे धरायचे, पुढचे सोडून द्यायचे. नाही जमलं. तो पापड अर्धा केलास तो दिवस तर त्यातलाच आहे."

चैतालीने खाली बघितलं. "राग गेला?"

"नाही."

"येशील परत?"

"माहीत नाही, चैताली. खोटं कशाला सांगू."

गाडी आली. त्याने बॅग उचलली, एक पाय पायरीवर ठेवला आणि वळून तिच्याकडे एकदा पाहिलं, पाठ करून ठेवायला पाहतात तसं. मग आत गेला. त्याची खिडकी पलीकडच्या बाजूला होती. गाडी वळून पेठ रोडला लागेपर्यंत ती उभी राहिली, आणि नंतर इंदिरानगरची रिक्षा धरली, कारण दहाला वर्ग होता.

वर्गात मुली येऊन बसल्या होत्या. दिनेशचा निरोप राखीलाही आला होता. तिने एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"गेले?"

"गेले," चैताली म्हणाली. आवाज फाटला, आणि तिने तो लपवला नाही.

राखी बाकावर भिंतीकडे सरकली आणि शेजारची मोकळी झालेली जागा तळहाताने दोनदा थोपटली. चैताली तिथे जाऊन बसली.